झाडामागचे आजोबा

पुरानी बस्ती, रायपूर

चि. सौ. इंदूस गंगाधरदादाचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे कुरकुरत असतील तर कुरकुरू दे, माझे तर उघड भांडून राहिले. बाकी घरी सगळे खुशाल, आणि मी तर जिंकून आलो आहे.

पत्रास कारण, तू नागपूरहून धाडलेलं गोष्टीचं पुस्तक. आपल्या लेकाची, निरंजनची, अभनपूरहून इथे बदली झाली (राजधानी झाल्यापासून ज्याला त्याला रायपूरच पाहिजे) आणि नव्या शाळेचं नाव काढताच माझ्या नातीने, गंधालीने, पलंगाखाली मुक्काम ठोकला. मी मराठीत समजवावं, तिने हिंदीत नाही म्हणावं. शेवटी तिथेच फरशीवर बसून पुस्तक उघडलं. ढमू नावाचं म्हशीचं रेडकू नव्या शाळेत जातं, शाळेची घंटा चाटतं, बगळेबाईंचा खडू खातं. पोट्टी हसत हसत अर्धी बाहेर आली. पण पुढच्या पानावर ढमूची आई त्याला फाटकाशी सोडून परत जाते. पोट्टीचा ओठ थरथरला. आता तूच सांग, असलं कसं वाचावं? मी बेधडक वाचलं की ढमूचे आजोबा त्याच्यासोबत वर्गात जाऊन बसले. (तिला अजून वाचता येत नाही. चित्रात एक झाड होतं, आजोबा त्याच्यामागे आहेत म्हणून सांगितलं.) पोट्टी पूर्ण बाहेर!

सोमवारी फाटकाशी तिने माझा सदरा धरला. "किताब में आजोबा अंदर जाते हैं।" छापील शब्दापुढे कोण बोलणार! तिच्या बाई, मायादीदी, मोठ्या मनाच्या. म्हणाल्या, "आइए दादाजी।" स्टेशनच्या पाट्या वाचून अक्षरं शिकलेला माणूस मी, वर्गात बसायची माझीही पहिलीच खेप, म्हणून ऐटीत बसलो. खुर्ची वीतभर, वर तिला दोन्हीकडून हात. उठायला गेलो तर खुर्चीही उठली.

वर्ग फिदीफिदी हसला. गंधालीचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, संपलं, आता ही जन्मभर पलंगाखाली. तर पोट्टी कमरेवर हात ठेवून गरजली, "हँसो मत, खींचो!" निम्मा वर्ग माझ्या हातांना, निम्मा खुर्चीला. सुटलो तेव्हा सगळी एकमेकांच्या अंगावर, आणि ही त्यांची कप्तान. मले म्हणते, "अब आप घर जाओ आजोबा, मुझे काम है।"

फाटकातून मी वळून पाहिलं. तिने नाही पाहिलं. जिंकणं म्हणतात ते हेच.

तुझा दादा,
गंगाधर

ता. क. कमरेला तेल लावून राहिलो. काळजी नको.

आणखी ता. क. पुस्तक आता गंधाली शाळेत नेते आणि वर्गाला वाचून दाखवते, म्हणजे माझ्यासारखंच वाचते. मायादीदी सांगत होत्या, तिच्या ढमूची एक आत्याआजी नागपुरात आहे, ती येत्या शनिवारी सगळ्या वर्गासाठी संत्रा बर्फी घेऊन येते. वर्गातली सगळी पोरं वाट पाहून राहिली. मी ते पान उघडून पाहिलं. झाडामागे तूच आहेस. तेव्हा शुक्रवारची गाडी धर, आणि कोणी कितीही आग्रह केला तरी खुर्चीत बसू नको.