चौऱ्याऐंशी पायऱ्या

८ मार्च

चाळीस हजार! चाळीस हजार माणसांनी मला जिना झाडताना पाहिलं! बोलले नाही, गायले नाही, नाचले तर मुळीच नाही. आठवड्याच्या पाळीची पाटी माझ्या दाराला लटकत होती, म्हणून मोबाइल कठड्याला चिकटपट्टीने बांधला आणि चौऱ्याऐंशी पायऱ्या झाडल्या. हँबर्गच्या एका बाईने लिहिलंय, 'तुमच्या झाडूच्या आवाजाने बाळ झोपलं. नवराही.'

काल कचेरीत साहेबांना सांगून टाकलं — बिनपगारी सुट्टी द्या, मला आता हेच करायचंय. साहेब म्हणाले, 'जिना?' म्हटलं, हो. 'तीस सप्टेंबरपर्यंत तुझी खुर्ची ठेवतो, कोरिना. पुढे दुसऱ्याला.' विम्याच्या कागदांत अकरा वर्षं काढली. आता परत जायचं नाही!

९ मार्च

घोळ झालाय. पाटी आज श्टेब्लरकाकांच्या दाराला गेली. हा आठवडा त्यांचा. मग नुर्तानचा, मग डॉक्टरांचा, मग तळमजल्यावरच्या हेफेलेबाईंचा. माझी पाळी पाच आठवड्यांनी! आणि लोकांना तर दर शनिवारी हवंय. पाच आठवड्यांतून एकदा झाडून कोणाचं पोट भरतं?

१२ मार्च

श्टेब्लरकाकांकडे गेले. 'काका, तुमच्या पाळीला मी झाडू का?' काका लालबुंद! 'का? मी झाडलं की घाण राहते?' नाही हो काका! 'कोण म्हणालं? तळमजला म्हणाला?'

तीस वर्षं ट्राम चालवलेला हा धिप्पाड माणूस हेफेलेबाईंना चळाचळा कापतो. शेवटी बटाट्याच्या सॅलडवर तयार झाले. अटी दोन. मेयोनीजचा थेंब दिसला तर सौदा रद्द. आणि तळमजल्याला कळता कामा नये — बाई म्हणे दाराआडून पावलं ओळखतात. म्हणून मी काकांचे पंचेचाळीस नंबरचे बूट घालून झाडायचं आणि अधूनमधून त्यांच्यासारखं खोकायचं!

१५ मार्च

झाडलं. खोकले. दोनदा बुटातून बाहेर पडले. दोनशे बारा जणांनी लिहिलंय, 'लवकर बऱ्या व्हा.'

१९ मार्च

नुर्तानला विचारायच्या आत ती म्हणाली, 'अगं ने ती पाटी! खिळासुद्धा उपटून ने!' डॉक्टरांचं 'चालेल' मोबाइलवर एका मिनिटात आलं. आपण कोणत्या जिन्याबद्दल बोलतोय हे तरी त्यांना ठाऊक आहे का, देव जाणे.

राहिल्या हेफेलेबाई. उद्या जाईन. किंवा परवा.

३ एप्रिल

आज गेले. बाईंनी साखळी न काढताच दार उघडलं. फटीतून एक डोळा आणि अर्धं नाक. 'मेर्त्सबाई, एक्केचाळीस वर्षं मी माझी पाळी झाडते आहे. नवरा गेला त्या आठवड्यातही झाडली.' हो, पण... 'आणि त्या श्टेब्लरला सांगा, अलीकडे त्याचे बूट फारच नाजूक चालतात. आणि तो खोकला की पाठोपाठ शिवी घालतो. तुम्ही नुसत्याच खोकता.'

मेले! कानशिलं तापली. दार लावून घेतील म्हणून वाट पाहत उभी राहिले, तर आतून आवाज आला, 'झाडा तुम्ही. पण मी मागे उभी राहणार.' मी जिना चढू लागले तेव्हा दिसलं, त्या एका हाताने दाराची चौकट धरून उभ्या होत्या आणि दुसऱ्याने गुडघा चोळत होत्या.

५ एप्रिल

'कोपरा!' 'हा झाडू आहे, पंखा नव्हे!' 'केर ढकलायचा नसतो मेर्त्सबाई, गोळा करायचा असतो!' 'तुमच्या आईने तुम्हाला काय शिकवलं हो?' चौऱ्याऐंशी पायऱ्या हेच. घरी येऊन तीन तास व्हिडिओतून त्यांचा आवाज कापत बसले. लोक इथे झोपायला येतात, बोलणी खायला नाही.

१० मे

बाई आता कोणाचीही पाळी असो, हजरच असतात. आज नुर्तानच्या मुलीच्या वाढदिवसाला जायचं होतं, घाईत आवाज कापायचाच राहिला! कळलं तेव्हा केक तोंडात होता. उद्या काढून टाकते.

११ मे

काढत नाही! तीन लाख! 'ती मागची बाई कोण?' 'बाई, मलाही ओरडा!' एकाने आपल्या स्वयंपाकघराचा फोटो पाठवून विचारलंय, 'यात काय चुकलंय ते बाईंना विचारा.'

खाली जाऊन सगळं वाचून दाखवलं. 'लोकांना कामधंदे नाहीत का?' म्हणाल्या. मग म्हणाल्या, 'ते स्वयंपाकघराचं परत वाचा.'

१७ मे

बाई मोत्यांची माळ घालून जिन्यावर!

२१ जून

लोकांना बुधवारीही हवंय. देतोय. बाई आता 'पुन्हा' म्हणायला शिकल्यात. 'तिसरी पायरी पुन्हा. तुमचं मन नव्हतं त्यात.' माझं मन माझ्या घरातल्या केरात होतं. मे महिन्यापासून तिथे झाडू लागलेला नाही.

१२ जुलै

पहिल्यांदाच महिन्याची मिळकत पगाराइतकी झाली! श्टेब्लरकाकांनी सॅलडाची दुसरी वाटी मागितली. बाईंनी स्वतः केलेली सारण भरलेली मौलटाशन आणली, मला एक आणि स्वतःला तीन. मी खरंच खूश आहे. उजवं कोपर तेवढं ठणकतंय.

२ ऑगस्ट

डॉक्टर चक्क जिन्यात भेटले. कोपर दाबून म्हणाले, 'सहा आठवडे झाडूला हात लावायचा नाही.' डाव्या हाताने झाडलं. लोक म्हणाले, डाव्याचा आवाज जास्त गोड आहे.

१ सप्टेंबर

घरमालकाचं पत्र आलंय. जिना झाडायला कंपनी लावायची का? दर शुक्रवारी माणूस येणार, यंत्र घेऊन. घरटी एक चिठ्ठी, नाव लिहायचं नाही, पेटी तळमजल्यावर, सत्तावीसला उघडणार. जास्त चिठ्ठ्या ज्या बाजूला, ते होणार.

कंपनी आली तर मी काय दाखवू? संपलंच की सगळं!

६ सप्टेंबर

घरोघर फिरले. नुर्तान छातीवर हात ठेवून म्हणाली, 'वेडी आहेस का? तुझ्या पोटावर पाय देईन मी?' श्टेब्लरकाका म्हणाले, 'पाळी म्हणजे पाळी! आम्ही श्वाबी माणसं आहोत, आपला जिना परक्याला झाडू देत नाही!' डॉक्टरांचं उत्तर: 'चालेल.' काय चालेल ते कळलं नाही. हेफेलेबाई तर कडाडल्या, 'माझ्या मढ्यावरून जावं लागेल त्या कंपनीला!' त्यांना मिठीच मारणार होते. त्यांनी झाडू मध्ये धरला.

२४ सप्टेंबर

साहेबांचा फोन. 'काय ठरलं?' म्हटलं, द्या खुर्ची दुसऱ्याला! फोन ठेवून स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

मग कोणीतरी लिहिलेलं वाचलं, 'अजून तीस वर्षं अशाच झाडत राहा!' फार हसले. मग खुर्चीवर बसून हिशेब केला — बुधवार, शनिवार, तीस वर्षं, चौऱ्याऐंशी पायऱ्या. मग हसले नाही.

२६ सप्टेंबर

चिठ्ठी टाकली. पेन्सिल धरली तर कोपरातून कळ आली. दोनच चौकोन होते, तरी पेटीजवळ बराच वेळ उभी होते.

२७ सप्टेंबर

मालकांनी जिन्यातच पेटी उघडली. 'कंपनी,' त्यांनी वाचलं. मग 'कंपनी'. मग पुन्हा. नुर्तान 'अरे देवा, हे कोणी केलं!' म्हणून ओरडली आणि छताकडे बघू लागली. काका बूट न्याहाळत होते. पाच घरं, पाच चिठ्ठ्या, पाचही कंपनीला. म्हणजे हेफेलेबाईंचीसुद्धा.

आणि माझी.