बर्फात उणे दोन

मी खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, दूधतपासणी प्रयोगशाळेतली निवृत्त संशोधक, गुडघे सोडले तर बाकी सगळं शाबूत असताना आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात खोटं काही नव्हतं, पण खरंही सगळं सांगितलं नव्हतं.

१. राहतं घर ही माझी स्वकष्टार्जित मिळकत. माझ्या पश्चात ते भाचीला मिळावं. मोरीचा नळ गळतो. तिने प्लंबर बोलवावा, मावशीसारखा सुतळी गुंडाळत बसू नये.

२. बँकेतली ठेव तिच्या प्रयोगशाळेला द्यावी, पण फक्त दुसऱ्यांचे छापून आलेले प्रयोग पुन्हा करून बघण्यासाठी. नवा शोध लावणाऱ्याला यातली दमडीही देऊ नये. हारतुरे त्यांनाच मिळतात, तेवढे पुरेत.

३. धाकट्या भावाला एका पत्राची प्रत, चौकटीत बसवून. साठ अंशांवर वीस मिनिटं तापवलं की दूध निर्धोक, हा माझा निबंध एकोणीस वर्षांपूर्वी छापला त्याच्याच नियतकालिकाने. तपासलाही त्यानेच! आजही छोट्या डेअऱ्यांच्या भिंतींवर माझा तक्ता आहे. तेव्हा एका परक्या संशोधकाने पत्राने कळवलं, "बाई, माझ्याकडे जंतू उरतात. दहा बशांपैकी तीनमध्ये." भाऊ म्हणाला, "ताई, असल्यांच्या नादी लागू नकोस." पत्र त्याच्या खणात गेलं. मी त्या माणसाचं नाव शंकासुर ठेवलं आणि चारचौघांत त्याची टिंगल केली. याची मला लाज वाटते.

४. माझा जुना तापमापक भाचीला. गेल्या महिन्यात कपाट आवरताना सहज म्हणून तो बर्फाच्या पाण्यात धरला. शून्य दाखवायला हवं होतं, दाखवलं उणे दोन. म्हणजे माझे साठ अंश खरे बासष्ट होते! तो निबंधाआधी एकदा बर्फात बुडवायला हवा होता; सगळं तपासलं, तेवढंच राहिलं. भाचीच्या नव्या तापमापकाने आम्ही खऱ्या साठ अंशांवर प्रयोग पुन्हा केला. जंतूंचे ठिपके उगवले, दहापैकी तीन बशांत.

 एकोणीस वर्षं उलटलेली, गाव दुसरं, दूध दुसरं, माणसं एकमेकांना न ओळखणारी, आणि उत्तर तेच! ना माझं वय बघितलं, ना भावाचं पद. मी त्या बशांना चक्क हात जोडले. भाची म्हणाली, "मावशी, तू चुकलीस म्हणून इतकी खूश?"  आयुष्यभर ज्या सत्याची नोकरी केली, ते त्या दिवशी पहिल्यांदा समोर उभं दिसलं.

५. ~~वरील चूक माझ्या मृत्यूनंतर जाहीर करावी.~~

हे कलम मी आज खोडलं. तापमापक आधी शंकासुरांना द्यायचा होता म्हणून त्यांना बोलावून मसुदा दाखवला. वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. शंकासुर लगेच म्हणाले, "मग मला काही नको, साक्षच देऊ द्या." म्हणून कलम चारमध्ये आता भाची. पुढे पाचवं कलम वाचून त्यांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही मरेपर्यंत लोकांनी तेच दूध प्यायचं?"

मी तिथेच बसून निबंध मागे घेत असल्याचं पत्र नियतकालिकाला आणि तक्ता उतरवण्याचं पत्र डेअरीसंघाला लिहिलं. भाची दोन्ही टाकून आली.

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल.
दिनांक: पत्रं गेली तो दिवस.
सही: (लिहून देणार)

साक्षीदार १: शेजारचे दंतवैद्य. लिहून देणारीने माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: शंकासुर. लिहून देणारीने माझ्यासमोर सही केली. कलम चार वाचून बर्फ मागवला. तापमापक तीनदा बुडवून बघितला. तिन्ही वेळा उणे दोन. बाई खरं सांगतात.