बसूच्या कपाळावरचं भस्म

अहो,

"आठवणही दगा देईल, बाई. लेकराच्या औषधाला काहीतरी खूण ठेवा," असं हैदराबादच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. बी.ए. झालेल्या बाईला खुणा कशाला, म्हणून मी हसण्यावारी नेलं. मेंदू-नसा पोखरणाऱ्या या मल्टिपल स्क्लेरॉसिसनं ते हसू पार जिरवलं. तेव्हापासून हिवतापाचं कोयनेल पाजलं की बसूच्या कपाळाला भस्म लावते. भस्म दिसलं म्हणजे औषध झालं. हे तुम्हाला ठाऊक होतं. आत्याबाईंनाही सांगते म्हटलं, तर तुम्हीच अडवलंत, "कशाला? सून येडी हाय म्हणून सेलूभर बोंब होईल."

आठवड्यापासून लेकराला उचलण्याइतके माझे हात चालेनात, म्हणून बसूला आंघोळ आत्याबाई घालतात आणि कुठलीही आजी लावेल तसं भस्म लावतात. मी कपाळ बघून औषध झालं असं समजत राहिले. काल लेकरू हिवतापानं कुडकुडायला लागलं, तर तुम्ही पाहुण्यांसमोर म्हणालात, "हिच्या हाती लेकरू देऊच नये!" माझी खूण चुकली नव्हती. तुमची अब्रू आड आली.

आज मी आत्याबाईंना सगळं सांगून टाकलं. बसूला टांग्यानं दवाखान्यात नेतेय, शेजारच्या कोकिळाबाई सोबत आहेत. आमच्यामागं धावत येऊ नका. आत्याबाई "माझ्याच हातानं झालं गं माय" म्हणत देवापुढं बसल्यात, सकाळपासून पाण्याचा घोट घेतलेला नाही. चूक कुणाची, ते त्यांना तुमच्याच तोंडून कळू द्या. चपला काढायच्या आत त्यांना बघा.

गौरा