अर्ध्या बंदुकीची पूजा

अण्णा, आज दसरा. सुनेनं घरातल्या कात्र्या, सुऱ्या, विळी सगळं पाटावर मांडलं आणि मला आपलं पनवेलचं बंदुकीचं दुकान आठवलं. नवा शस्त्र कायदा तेव्हा नुकताच लागू झाला होता. "कायदा दिल्लीचा, परवाना अलिबागच्या कलेक्टरचा, आणि चूक झाली की मान माझी," असं तुम्ही येईल त्याला ऐकवायचात. परवानेदार वारला की घरचे त्याची बंदूक आपल्याकडे ठेवून जायचे. वारसाच्या नावे परवाना येईपर्यंत ती कपाटात कुलूपबंद. दसऱ्याला मात्र माणसं हळदकुंकू घेऊन दुकानात यायची आणि तुम्ही लाकडी दस्ता तेवढा बाहेर काढायचात. नळी आतच. लोक हसायचे, पण अर्धी बंदूक पुजून निमूट घरी जायचे.

आपटा गावच्या दोन भावांतला थोरला मात्र हसला नाही. बाप उन्हाळ्यात गेलेला, त्याची बंदूक आपल्या कपाटात, आणि त्यानंतर शेताच्या बांधाच्या भांडणात धाकट्यावर ह्यानं कोयता उगारलेला. बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. बंदूक त्याला कशासाठी हवी हे विचारायची गरजच नव्हती. त्यानं नारळ फोडला, दस्त्याला कुंकू लावलं. पूजा आपल्या हातून झाली म्हणजे बंदूक आपली झाली, अशी त्याची ठाम समजूत. तो फळीवर वाकतो.

"नली दे, शेट. बापाची हाय, मीच पुजली."

"परवाना अलिबागला अडकलाय. ज्याच्या नावे येईल त्याला देईन."

"धाकल्याच्या नावं आला तं?"

तुम्ही कपाटाचं कुलूप ओढून बघता. तो दस्ता काठीसारखा उगारतो. "कपाट फोरीन! मना आजच पायजे!"

आणि तुम्ही काय करता, तर मागे वळून कपाटाची चावी त्याच्यादेखत माझ्या हातात ठेवता. "चावी पोरीकडे आहे. घे तिच्याकडून." मी जेमतेम कॉलेजात जाणारी. तो हात पुढे करतो, "ताई, दे," म्हणतो, आणि मी तुमच्याकडे बघते तर तुम्ही रस्त्याकडे बघताय. मी चावी दिली नाही. हिंमत वगैरे काही नव्हती, बोटंच उघडेनात. शेवटी त्यानं दस्ता फळीवर आपटला. "पोरीच्या अंगाला हात नाय लावनार मी," म्हणाला आणि निघून गेला.

पुढे परवाना दोघांनाही मिळाला नाही, बंदूक तिसऱ्यालाच विकली गेली. माझ्या लग्नात दोघे भाऊ एका पंगतीला जेवले. तुम्ही तो किस्सा व्याह्यांना रंगवून सांगितलात. "पोरीवर तो हात टाकणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं," म्हणालात, आणि सगळे हसले. मीही हसले.

तुमचं बरोबरच होतं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. पण तुम्हाला ठाऊक होतं, अण्णा. मला नव्हतं. तो राग अजून गेलेला नाही.