डावीकडची जागा

बेलव्ह्यू,
१८ ऑक्टोबर १९९४

ती. सौ. सुमित्राताईंस,
उत्तराचा सा. न. वि. वि.

"बार कसा बसला ते कुणी मला सांगायला नको, पिसं काढताना कळतं." माझ्या पहिल्या दिवाळीत तितर साफ करता करता सासूबाई हे म्हणाल्या होत्या. मी पदराने नाक दाबून उभी होते आणि तुम्ही मला हसत होतात. आता दर हिवाळ्यात मीच इथे अमेरिकेत सिंकपाशी उभी असते. तुमच्या भावाला डोंगरापलीकडच्या गव्हाच्या शेतांत फेझंट मिळतात. तितराहून बराच मोठा, लांब शेपटीचा पक्षी. बोटांनी चाचपून छर्रे काढते, रात्रभर दह्यात ठेवते आणि तुमच्या काळ्या मसाल्यात मंद आचेवर शिजवते. अंगावर चरबी नाही. आच जरा वाढली की दोरखंड होतो.

ताई, पूर्वी छर्रे मानेत नाहीतर पंखात सापडायचे. यंदा पोटात, पायात, कुठेही. शनिवारी उर्वीची परीक्षा होती, म्हणून ती यांच्याबरोबर गेली नाही. संध्याकाळी यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि केवढा नर मिळालाय बघ म्हणाले. पिशवीतून मातकट मादी निघाली. नराचं डोकं हिरवंगार, तोंड लाल, गळ्यात पांढरं कडं. लहान मूलही चुकणार नाही. ऊन डोळ्यांवर आलं असेल, घाई झाली असेल, सगळं स्वतःला समजावून झालं.

इथे मादी मारायला बंदी आहे, म्हणून पिसं कचऱ्यात खोल दडवली. पण भीती दंडाची नाही. आमची सोळा वर्षांची पोर दर वेळी यांच्या डावीकडून चालते. तुमच्या बाबांना काचबिंदू कितव्या वर्षी झाला होता? जेवताना मी काही बोलले नाही. यांनी दोनदा वाढून घेतलं.

लोभ आहेच, या वेळी थोडा धीरही पाठवावा.

तुमची,
उत्तरा


दहिवडी,
७ नोव्हेंबर १९९४

चि. सौ. उत्तरा हिस,
अ. उ. आ.

रात्रभर दह्यात? आई असती तर तुला ओट्यापासून उठवलं असतं. दोन तास पुरतात, नाहीतर रानाची चवच जाते. अमेरिकेत जाऊनही तुझा धांदरटपणा तोच.

बाबांचं विचारलंस. चाळिशी उलटली आणि सुरू झालं. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. मग समोरचंही धुरकट. आईला ते दोन हिवाळे आधी कळलं होतं, तू म्हणतेस तसंच. ती गप्प राहिली. मग एकदा ज्वारीच्या रानात दिगंबरच्या दंडात छर्रे घुसले. तो बाबांसाठी पक्षी उठवायला यायचा, शेजारूनच चालत होता. जगला, पण तो हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. प्रताप तेव्हा लहान होता. दिगंबर झाडावरून पडला असं त्याला सांगितलं, आणि तो अजून तेच धरून आहे.

भाऊबीजेला त्याचा फोन आला तेव्हा मी डोळ्यांचा विषय काढला. उत्तराने चुगली केली वाटतं, म्हणून हसला आणि हवापाण्यावर गेला. माझं तो ऐकणार नाही. बाबांच्या नेमाबद्दल मी शब्द काढला तर माझी राखीसुद्धा परत येईल. तू त्याला डॉक्टरकडे ने. आईसारखी बसून राहू नकोस.

माया आहे, ओरडण्याइतकी आहे.

तुझी,
सुमित्राताई


बेलव्ह्यू,
१९ नोव्हेंबर १९९४

ती. सौ. सुमित्राताईंस,
सा. न. वि. वि.

अपॉइंटमेंट घेतली, यांनी मीटिंग आहे म्हणून कॅन्सल केली. पुन्हा घेतली, ख्रिसमसनंतर बघू म्हणाले. दिगंबरचं सांगायला बसले, तर यांनी आपणहून बाबांच्या नेमाची गोष्ट काढली. डोळे असे चमकले की मी तशीच उठले आणि चहा टाकला.

काल उर्वीला विचारलं. पक्षी उडाला की ती 'रूस्टर' किंवा 'हेन' असं ओरडून सांगते म्हणे. सगळेच ओरडतात, मॉम, रिलॅक्स, असंही ऐकवलं. मग बुटाची नाडी सोडता सोडता हळूच म्हणाली की मागच्या वेळी डॅड तिला हाका मारत होते, कुठे आहेस म्हणून. ती त्यांच्या शेजारीच उभी होती. भडक केशरी जाकिटात.

ताई, तिला ठाऊक आहे. आपण गेलो नाही तर डॅडचं कसं होईल, म्हणून ती जाते. आता या घरात आम्ही दोघी गप्प आहोत. सासूबाई निदान एकट्या होत्या.

थॅंक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा निघताहेत. बंदुकीच्या कपाटाची किल्ली यांच्या खिशात असते. तोंडाने मला जमत नाही, म्हणून लिहून देणार आहे. हे पत्र तुम्हाला मिळेल तोवर काय ते झालेलं असेल.

तुमचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची,
उत्तरा


घरातूनच,
२४ नोव्हेंबर, गुरुवार

श्री. प्रतापराव यांस,
सा. न. वि. वि.

एका घरात राहून पत्र लिहिते, हसू नका. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

परीक्षेच्या शनिवारी तुम्ही आणलात तो नर नव्हता. मी मादी शिजवली आणि नर म्हणून तुम्हाला वाढली. तुम्ही ताटलीच्या कडेला छर्रे ठेवत होतात, एक खाली पडला, तो तुम्ही टेबलावर बराच वेळ चाचपत होतात. मी बघत होते. दिगंबर झाडावरून पडला नव्हता. काय झालं होतं ते ताईंना विचारा. त्या रडतील, पण खरं सांगतील.

बंदूक ठेवून द्या असं म्हणत नाही. ते म्हणायची माझी हिंमत नाही, आणि तुम्ही ऐकणारही नाही. डोळे ठीक आहेत असंच तुम्ही म्हणणार. मग ठीक आहे, मी मानते.

उद्या पहाटे उर्वीला झोपू द्या. तिचं जाकीट मला होतं, घालून बघितलं. तुमच्या डावीकडून मी चालेन. मला उडता पक्षी ओळखता येत नाही, नर की मादी ते ओट्यावरच कळतं, त्यामुळे ओरडून काही सांगणार नाही. नुसती शेजारून चालेन. डोळे ठीक असतील तर मला न्यायला हरकत नसावी.

नाहीच म्हणाल, ते ठाऊक आहे. तरी विचारते. मला न्या.

तुमची,
उत्तरा