शेवंताचा आठवा मयना

ता. २० फेब्रुवारी १९५६
विहिणीले, नात शेवंताच्या सासूले, मयने मोजता येत नाई. आधी हे लिवते, देवाचं नाव मागून. नातजावयाचं कार्ड आलं. ‘शेवंतास आठवा लागला, नदी ओलांडून पाठवता येत नाही. बाळंतपण इथेच होईल. खाण्यापिण्याची कमी नाही.’
आठवा कुठचा? पोळ्याले पोरगी इथी होती, चार दिवस बाहेर बसली. माह्या डोळ्यानं पाह्यलं. तिथून मोजा. सातवा चालू हाय. आठव्यात बाईले नदीपार नेत नाई, हे मलेबी समजते. पन आठवा लागू तं द्या.

ता. २१
धावड्याचा डिंक आला. जंगलातली मैनाबाई देऊन गेली, बदल्यात सुकी मासोळी नेली. डिंक तळला. मोहफुलं भाजून कुटली. तीळ, गूळ, सुंठ. लाडू वळले, मडक्यात भरले, तोंड बांधलं.
मैनाबाई म्हणे, "पोरगी कुठी हाय, बाई?"
म्हटलं, येऊन राह्यली. खोटं बोलली.

ता. २३
बारीक मासोळी वाळवली, मांजरीनं अर्धी नेली. कोहळ्याच्या वड्या टाकल्या. सून कौसी म्हणे, "आत्या, जी येनार नाई तिच्यासाठी एवढं काऊन?"
काऊन म्हणजे. शेवंताच्या मायले, माह्या पोरीले, सासरी बाळंतपणात दहा दिवस निस्ती पेज पाजली. अकराव्या दिवशी गेली. तिथूनबी कार्ड आलं होतं, कमी नाई म्हणून. कौसीनं हात चालवला. वड्या मात्र जाडच टाकते.

ता. २६
लेक देवाजीले डोंगा घेऊन नदीपार, शेवंताच्या सासरी कुरखेड्याकडं धाडलं होतं, तो आला. विहिणीचा निरोप, "बुढीले सांगा, नागपंचमीपासून सून बाहेर नाई बसली. माह्या घरातलं माह्यापेक्षा जास्त कोणाले माहीत?"
बुढी. तिचे स्वतःचे दात किती राह्यले ते मी लग्नात मोजले.
देवाजीले पुसलं, शेवंता कशी हाय?
"बरी असन."
"असन म्हणजे? पाह्यलं नाई?"
"आतमधी होती. कोंबडी मात्र झकास केली होती, माय."
कोंबडी पाहून आला, भाची न पाहता. असा मामा.

ता. २७
आज अंगाची आग झाली. दळता दळता कौसी आपल्याशीच हसली. पुसलं तं म्हणे, "आत्या, पोळ्याले ती बाहेर नवतीच बसली. धानाच्या रोवण्यातून सुटावं म्हणून तसं सांगितलं."
म्हटलं, तुले माहीत होतं?
"मीच म्हटलं तिले, तसं सांग."
"अन् मले आतावरी काऊन नाई सांगितलं?"
"तुम्ही मले कवा पुसलं? कार्ड आल्यापासून तुम्हीच तं सांगून राह्यल्या."
शेवंताच्या वाट्याचा रोवणा मी केला. कंबर चिखलात वाकलेली, अन् या पडवीत मक्याची कणसं भाजत. वरतून मी तिले म्हटलं, निज बाई, पोट दुखत असन.
मंग माह्या मोजण्याले बूडच नाई. विहीण खरी असन. नाईतर तिनंबी माह्यासारखंच काही पाहून धरलं असन. तिच्या घरीबी रोवणा होता, तिथीबी पोरगी काय बोलली असन कोणाले ठाऊक. दोन म्हाताऱ्या भांडून राह्यल्या, अन् जिच्या पोटात हाय तिले एकीनंबी पुसलं नाई. लिवायले नको वाटते पन लिवते.

ता. २८
विहिणीची माफी मागनार नाई. कोण खरी, ते अजून ठरलं काय.
उद्या डोंगा पुन्हा जाते. पुरुषाच्या जातीनं हे कसं पुसावं, म्हणून देवाजीसंग कौसीले धाडते. घोळ तिचाच हाय, निस्तरन. मडकं, मासोळी, वड्या सोबत. सातवा असन तं पोरगी अन् मडकं दोन्ही वापस आणायचं. आठवा असन तं पोरीले हलवायचं नाई, मडकं शेवंताच्याच हाती द्यायचं, अन् मी तिथी जाऊन चुलीपाशी बसन, विहिणीले आवडो का नाई.
कौसी म्हणे, "विहीणबाईच बोलली मधात तं?"
तिले सांगितलं ते इथीबी लिवून ठेवते. शेवंताले नदीवर नेऊन, एकटीले पुसायचं. नातजावयाचं कार्ड नको, विहिणीचा निरोप नको, देवाजीचं ‘असन’ तं नकोच. जवाब शेवंतानं द्यावा.