जांभूळ आणि हिरवी कैरी

७ जानेवारी १९७८, शनिवार. जव्हार

पुन्हा जांभूळ! नाशिकहून एवढी खटपट करून नवी लाल वाईन मागवली. ह्यांनी पेला नाकाशी नेला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "जांभूळ." मागच्या बाटलीतही जांभूळ, त्याच्या आधीच्या बाटलीतही जांभूळ. मग पांढरी दिली. "हिरवी कैरी." तीही दर वेळचीच!

मला लालमध्ये आज लवंग लागली, आणि घोट गिळल्यावर मागून जळक्या साखरेची चव. पांढरी पिकलेल्या पेरूच्या वळणाची, पण गोडाकडे फार झुकलेली. लालला सहा गुण, पांढरीला चार. हे सगळं मी सांगितलं तर मान हलवली. "बरोबर आहे तुझं." संपलं! पणजीला असताना एकेका पेल्यावरून आम्ही जेवण गार होईपर्यंत भांडायचो.

१० जानेवारी

बाटल्यांचं नवं खोकं मंसूरने आणलं. मंसूर म्हणजे ह्यांच्या ऑफिसचा जीप ड्रायव्हर. परवान्यावरचा माल आहे, चोरीचा नाही, तरी तो खोक्याला हात लावत नाही. मागच्या सीटवर गोणपाटाखाली ठेवायला दुकानदाराला सांगतो आणि इथे आल्यावर मला म्हणतो, बाई, तुम्हीच उतरवून घ्या. माझी तक्रार नाही. ज्याचा त्याचा धर्म.

जाताना विचारत होता, साहेबांचं डोकं आता बरं आहे ना? दसऱ्यानंतर खोडाळ्याच्या वळणावर जीप कलंडली तेव्हा तोच चालवत होता, म्हणून त्याला अजून रुखरुख. ह्यांना मागे चार टाके पडले होते, ते कधीच सुकले. मी म्हटलं, डोकं जागेवर आहे बाबा, माणूस जागेवर नाही!

१४ जानेवारी, शनिवार

तिळगूळ झाला. वाईन नाही. ह्यांना मोखाड्याला पुलाच्या पाहणीला जायचं होतं म्हणे. सणाच्या दिवशी पूल कुठे पळून चालला होता?

२१ जानेवारी, शनिवार

संताप संताप झालाय. आजच्या लालचं बूच कुजलेलं निघालं. पेल्यात ओतताच ओल्या गोणपाटाचा, बुरशीचा भपकारा आला. मी मुद्दामच काही बोलले नाही, पेला ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी हुंगला. प्यायले. आणि म्हणाले — जांभूळ!

म्हणजे लक्षच नाही. मी समोर बसलेय, बोलतेय, आणि माणूस ठरलेलं उत्तर फेकून मोकळा. पणजीच्या आनाबाईंनी, आमच्या शेजारणीने, आम्हाला दोघांना शिकवलं ते काय यासाठी? लाल कधी गार करायची नाही, पांढरी बादलीत घालून विहिरीत सोडायची, आधी नाक, मग जीभ, आणि खोटं बोलायचं नाही. शेवटचं ह्यांना सगळ्यांत आवडायचं.

मला पोरबाळ नाही. इथे जव्हारला बोलायला कुणी नाही. ह्यांच्या सहकाऱ्यांच्या बायकांना वाईन म्हणजे दारू आणि मी म्हणजे बाटलीबाई. शनिवारची ही एक संध्याकाळ, एवढंच आमचं दोघांचं म्हणून उरलंय. तेही ह्यांना जड झालं असेल तर सरळ सांगावं.

२४ जानेवारी

कामाला येणारी सुकरी, जामसरकडच्या पाड्यावरची. आज मागच्या पडवीत बोंबील भाजत बसली. पणजीत सहा वर्षं काढली तरी सुक्या बोंबलाचा वास आला की हे घर सोडून रस्त्यावर जायचे! आज तिच्यापासून दोन हातांवर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. चला, जव्हारने एक तरी गोष्ट सुधारली.

शनिवारची उरलेली पांढरी मी स्वयंपाकघरात पुन्हा हुंगून बघत होते. सुकरी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाय, पिवाची हाय त पी ना. हुंगत काय बसलीस?" तिला थोडी दिली. तिने आधी चार थेंब जमिनीवर सांडले, धरतरीला, मग प्यायली. तोंड वाकडं केलं. मोहाची बरी म्हणाली. निदान खरं तरी बोलली!

४ फेब्रुवारी, शनिवार

आज परीक्षा घेतली. ह्यांचे डोळे माझ्या पदराने बांधले आणि दोन्ही हातांत दोन पेले दिले. म्हटलं, सांगा, लाल कुठली, पांढरी कुठली. नाकाशी न्यायच्या आधीच म्हणाले, उजव्या हातात पांढरी.

बरोबर! मी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. नंतर अंथरुणावर पडल्यावर डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे फ्रिज नाही, विहीर लांब. म्हणून पांढरी मी ओल्या वाळूच्या माठात ठेवते. (शेजारच्या हलीमाबींनी विचारलं तेव्हा लोणी ठेवते म्हणून सांगितलंय.) उजवा पेला गार होता! हाताला लागला आणि ह्यांनी सांगून टाकलं. नाक नाही, जीभ नाही — लबाडी! आणि मी टाळ्या पिटल्या. स्वतःचाच राग येतोय.

११ फेब्रुवारी, शनिवार

डोकं दुखतं म्हणून आठलाच झोपले. दुखत नव्हतं. मला कळतं.

१८ फेब्रुवारी, शनिवार

आज माझाही डाव. लाल आणि पांढरी, दोन्ही बाटल्या सकाळपासून माठात. आनाबाईंनी पाहिलं असतं तर माझे कान उपटले असते, पण इलाज नव्हता. डोळे बांधले. पेले दिले. ह्यांनी दोन्ही हातांनी चाचपले. या हातातला त्या हातात घेतला. मग पहिल्यांदाच मनापासून हुंगले, खूप वेळ. एकेक घोट घेतला. मी वाट बघत उभी.

"दोन्ही पांढऱ्याच," म्हणाले.

मी पदर ओढून काढला. ह्यांनी डाव्या पेल्यातली लाल बघितली — आणि हसले! तसलं कसनुसं हसू मला सोसत नाही. दोन्ही पेले मी मोरीत ओतले. म्हटलं, माझी थट्टाच करायची असेल तर चारचौघांत करा, घरात अशी नको. आनाबाईंनी काय शिकवलं होतं ते आठवतं का? खोटं बोलायचं नाही. तुम्हाला माझा कंटाळा आलाय हे एकदा तोंडाने बोला.

हे काहीतरी बोलायला गेले. मग उठून पेले विसळायला घेतले. आयुष्यात कधी पेला विसळला नाही ह्या माणसाने! मला त्याचाही रागच आला.

१९ फेब्रुवारी

बोलणं नाही.

२५ फेब्रुवारी, शनिवार

एकटीने उघडली. लाल बरी होती, खूप बरी. मिरी, आणि चिंचोक्यासारखा तुरटपणा. सात गुण. सांगायला कुणी नाही तर सात काय आणि सत्तर काय! अर्धी बाटली तशीच राहिली. हे बाहेर ओट्यावर बसून होते. मधे एकदा दाराशी आले, विचारलं, "कशी आहे?" मी म्हटलं, जांभूळ.

परत ओट्यावर जाऊन बसले. बोलून झाल्यावर लागलं मला. पण माघार मी का घ्यायची?

५ मार्च

ठरवलं. बेळगावला ताईकडे जाते, पाडव्यानंतर बघू. उरलेल्या दोन बाटल्या, एक लाल, एक पांढरी, सुकरीला देऊन टाकणार. तिच्याकडे निदान धरतरीला तरी मिळतील.

ह्यांना सांगितलं. "जा," म्हणाले, "तुला इथे आहे तरी काय." थांब म्हणाले नाहीत. ट्रंक काढली.

११ मार्च, शनिवार

जायच्या आधी भेटून यावं म्हणून हलीमाबींकडे गेले होते. दूध स्टोव्हवर मंद ठेवून. तिथे बोलण्यात वेळ गेला. परत आले तर फाटकातच करपल्याचा वास, उग्र, नाकात भरणारा. धावत आत गेले. पातेलं कोळशासारखं काळं, खोलीत धूर. आणि हे शेजारच्या खोलीत, उघड्या दाराला पाठ करून, शांतपणे पेपर वाचताहेत!

मी ओरडले, "अहो, नाक आहे की नाही तुम्हाला?"

हे उठून आले. पातेल्याकडे बघत राहिले. म्हणाले, "नाही, कुमुद. जीप कलंडली त्या दिवसापासून कसलाच वास येत नाही."

जांभूळ आणि हिरवी कैरी. पणजीत आनाबाईंच्या ओट्यावर पहिल्याच संध्याकाळी ह्यांनी उच्चारलेले शब्द ते. दसऱ्यापासून दर शनिवारी हे मला तीच संध्याकाळ काढून देत होते, आणि मी गुण कापत होते.